घोडा, त्याचं जगणं आणि त्याची शिकवण: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, पनवेल इथून येणारे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. लग्नात घोडी ठरवावी का, मुलीला रायडिंग शिकवायचं तर क्लब कसा निवडायचा, तबेल्यातला घोडा चावतो त्याचं काय करायचं. लोकांनी जसे विचारले तसेच ते इथे घेतले आहेत. घोडा अडला, बिथरला, चावला, तर आमचा क्रम ठरलेला आहे: आधी दुखणं शोधा, मग भीती, मग शिकवण्यातली चूक. ‘त्याचा स्वभावच वाईट’ हे उत्तर इथे कुठेही सापडणार नाही.

१. नैतिक प्रशिक्षण म्हणजे घोड्याचे नुसते लाड करायचे का?

नाही. चारशे किलोच्या जनावराला माणसाच्या अंगावर न येणं, बोलावल्यावर चालणं, थांब म्हटल्यावर थांबणं शिकवावंच लागतं, त्याच्याही सुरक्षिततेसाठी. फक्त घोड्याला कळेल, झेपेल आणि दुखणार नाही तेवढंच मागायचं आणि ते मिळाल्याबरोबर मागणं थांबवायचं. त्याचं रोजचं जगणं नीट नसेल तर शिकवणीला हातच घालायचा नाही. जगणं नीट आहे का हे पाहताना पशुवैद्यक पाच बाजू तपासतात: आहार, परिसर, आरोग्य, वागण्याची मोकळीक आणि या चारांतून घडणारी मनःस्थिती. न्यूझीलंडचे शास्त्रज्ञ डेव्हिड मेलर यांनी सहकाऱ्यासोबत ही मांडणी १९९४ मध्ये पुढे आणली. आपल्याकडे पहिल्या तीन बाजूंवर थोडं तरी बोललं जातं, शेवटच्या दोन कुणी विचारत नाही.

२. घोडा शिकतो तरी कसा?

बहुतेक सगळ्या शिकवणीचा पाया एकच आहे. हलका दाब दिला, घोड्याने हवं ते केलं, दाब त्याच क्षणी गेला. शिकवण दाब सुटण्याच्या क्षणात असते. तो क्षण चुकला की घोडा भलतंच शिकतो.

पाय उचलायला शिकवण्याचं उदाहरण घ्या. घोड्याच्या खांद्यापाशी, शेपटीकडे तोंड करून उभे राहा. हात खांद्यावरून सावकाश खाली न्या, गुडघ्याच्या मागून नळीपर्यंत. तिथे मागच्या बाजूला ताठ शीर हाताला लागते, ती दोन बोटांनी हलकी दाबा. पहिल्यांदा घोडा फक्त वजन दुसऱ्या पायावर टाकेल, खूर जमिनीवरून हलणारही नाही. बोटं तिथेच सोडा. पुढच्या वेळी टाच उचलली जाईल, तेव्हा सोडा. मग खूर हातात येईल. पहिल्याच दिवशी पाय पूर्ण वर येईपर्यंत ओढत राहिलात, घोड्याने हिसका दिला आणि तुमचा हात सुटला, तर तो शिकला ते एवढंच की हिसका दिला की सुटका होते. पुढे नालबंद आला की तोच घोडा ‘खोडकर’ ठरतो.

दाब सोडायला एक-दोन सेकंद उशीर झाला तरी धागा तुटतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे टाच मारणं आणि लगाम ओढणं एकाच वेळी करणं. पुढे जा आणि थांब हे दोन्ही एकदम सांगितल्यावर घोड्यापुढे बरोबर उत्तरच उरत नाही. असे घोडे काही महिन्यांत एक तर सुन्न होतात, नाही तर मागच्या पायांवर उभे राहू लागतात (पाहा प्रश्न १९).

शाबासकी म्हणून मानेवर धपाधप थोपटण्याची पद्धत सोडून द्या. मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापाशी घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात. तिथे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ मध्ये फ्रान्समध्ये मोजून पाहिलं गेलं आहे. ओठ लांबून थरथरायला लागले की बरोबर जागा सापडली समजा.

३. गाजर, गूळ देऊन शिकवलं तर घोडा चावायला लागतो म्हणतात. खरं का?

खिसे चाचपत हवं तेव्हा खाऊ दिला तर लागतो. नियम लावून दिला तर लागत नाही. तोंड आपल्यापासून दुसरीकडे असतानाच खाऊ द्यायचा, केलेल्या कामाला लागूनच द्यायचा, आणि हुंगत अंगावर आला तर काहीच द्यायचं नाही. दोन-तीन दिवसांत बहुतेक घोडे शांत उभे राहून वाट पाहायला शिकतात. खाऊ म्हणजे गाजराचा पातळ काप, गुळाचा खडा नव्हे.

नॉर्वेत २०१६ मध्ये २३ घोड्यांना गाजराच्या बक्षिसावर तीन खुणा ओळखायला शिकवलं गेलं: पाठीवर झूल घाला, झूल काढा, आहे तसं राहू द्या. सगळे शिकले, आणि हवा पाहून स्वतःची निवड नाकाने दाखवू लागले. पाऊस-वाऱ्यात झूल मागायचे, ऊन पडलं की काढायला सांगायचे. फ्रान्समधल्या २०१० च्या अभ्यासात खाऊच्या बक्षिसावर शिकलेले तरुण घोडे काही महिन्यांनंतरही माणसाकडे आपणहून येत होते.

४. घोड्याची कातडी जाड असते. चाबूक खरंच लागतो का?

लागतो. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात घोड्याची आणि माणसाची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी पाहिली गेली. वेदना कळवणाऱ्या चेतातंतूंच्या दाटीत लक्षणीय फरक सापडला नाही. घोड्याची त्वचा एकूण थोडी जाड असते, पण ती जाडी या चेतातंतूंच्या खाली असते, म्हणजे कवच म्हणून तिचा उपयोग नाही. माशी बसल्यावर घोडा तेवढीच जागा थरथरवतो, ते एकदा उभं राहून पाहा.

शर्यतीत तरी चाबकाने वेग वाढतो का? २०११ च्या अभ्यासात शेवटच्या टप्प्यात फटके खाल्लेले घोडे त्यामुळे जास्त वेगाने धावल्याचं दिसलं नाही. नॉर्वेने शर्यतीतला चाबूक १९८२ मध्येच बंद केला. आमच्या मते शिकवताना हातात छडी असलीच तर ती हाताची लांबी वाढवायला, हलक्या स्पर्शापुरती.

५. घोड्याने आपल्याला ‘वरचढ’ मानलं पाहिजे ना? गोल रिंगणात पळवून ताबा मिळवायचा असतो ना?

ही समजूत जगभर आहे आणि व्हिडिओंमुळे आपल्याकडेही आली आहे. रिंगणात घोड्याला पळवत ठेवायचं, तो थकून आपल्याकडे वळला की पाठ फिरवायची, मग तो मागे मागे येतो आणि लोक म्हणतात, बघा, नेता मानलं. सिडनी विद्यापीठात माणसाऐवजी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी वापरून हाच प्रयोग केला. घोडे त्या गाडीच्याही मागे गेले. गाडीला कुणी नेता मानत नाही. पळवणं थांबलं, तो दिलासा घोड्याला हवा होता, म्हणजे पुन्हा प्रश्न २ मधलीच गोष्ट.

आणि कळपातही एकच दादा सगळ्यांना हाकत असतो असं नसतं. घोड्यांचं नातं सोबतीवर, ठरलेल्या जोडीदारांवर, चाऱ्यापाशी कोण आधी एवढ्यावर चालतं. वरचढ होण्याचा विचार डोक्यात असला की माणूस घोड्याच्या प्रत्येक हालचालीत बंड पाहतो आणि हात उचलतो.

६. आपला राग घोड्याला कळतो का?

कळतो. ससेक्स विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगात घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. रागीट चेहरा पाहताना ठोके लवकर वाढले, आणि घोडे तो डाव्या डोळ्याने पाहू लागले, धोक्याच्या गोष्टी पाहतात तसे. २०१८ मध्ये त्यांनीच दाखवलं की सकाळी रागीट फोटो पाहिला असेल तर काही तासांनी तो माणूस साध्या चेहऱ्याने समोर आला तरी घोडा सावध राहतो.

याहून जुनी गोष्ट बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याची. विचारलेल्या गणिताचं उत्तर तो खूर आपटून द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट यांनी उलगडा केला: उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स तिथे थांबायचा. घोड्याला गणित येत नव्हतं, माणूस वाचता येत होता. तेव्हा घरून भांडून आलात तर त्या दिवशी नुसता खरारा करा, शिकवू नका.

७. घोडा बोलत नाही. त्याचं दुखतंय हे ओळखायचं कसं?

चेहरा पाहा. २०१४ मध्ये संशोधकांनी घोड्याच्या दुखऱ्या चेहऱ्याची मोजपट्टीच तयार केली आहे. कान ताठ आणि मागे वळलेले, पापण्या आवळलेल्या, डोळ्यावरचं हाड उठून दिसणारं, जबड्याचे स्नायू ताणलेले, ओठ आवळून हनुवटी पुढे आलेली, नाकपुड्या ताणलेल्या. यातलं एखादं क्षणभर दिसलं तर लगेच घाबरू नका. पण दोन-तीन एकत्र आणि टिकून असतील तर डॉक्टरांना बोलवा.

पाठीवर स्वार असताना दिसणाऱ्या २४ लक्षणांची वेगळी यादी ब्रिटनच्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी केली आहे. शेपूट सतत आपटणं, तोंड उघडं ठेवणं, डोळ्याचं पांढरं दिसणं, अडखळणं अशी ती लक्षणं आहेत. आठ किंवा जास्त दिसली तर दुखणं असण्याची शक्यता दाट. ‘आळशी’ ठरलेल्या घोड्यांपैकी कितीतरी खरं तर लंगडत असतात, फक्त दोन्ही पायांत सारखं, म्हणून आपल्याला दिसत नाही.

घरी लिहून ठेवायचे आकडे: विश्रांतीत ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४, श्वास ८ ते १६, तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस.

८. आमच्या जवळच्या तबेल्यातला घोडा दिवसभर डोलतो, लाकूड दातात धरून हवा ओढतो. वाईट सवय आहे का? गळ्याला पट्टा बांधावा का?

पट्टा बांधू नका. डोलणं, खोलीत गोल फिरणं, लाकूड धरून हवा ओढणं हे बहुधा त्याच्या जगण्यातल्या उणिवेतून आलेलं असतं: चारा कमी, खुराक जास्त, सोबत नाही, फिरणं नाही. लहानपणी आईपासून एकदम तोडलेल्या शिंगरांत हे जास्त दिसतं. पट्ट्याने फक्त दिसणं बंद होतं, आतला ताण वाढतो. दुसरा घोडा पाहून हा शिकला, असंही लोक म्हणतात. तसं असण्यापेक्षा दोघंही एकाच वाईट परिस्थितीत आहेत हे जास्त संभवतं.

पुढच्या-मागच्या पायांना अगाडी-पिछाडी लावून रात्रंदिवस उभं ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. जुनी असली तरी ती बदलायला हवी. शेजारचा घोडा दिसेल, त्याला नाक लावता येईल, दिवसातून काही तास मोकळं फिरता येईल, एवढं झालं तरी फरक दिसतो. जागा नसेल तर दोन घोडे एकत्र चालवायला न्या. जुनी सवय पूर्ण जाईलच असं नाही, कमी नक्की होते.

९. घोडा उभ्यानेच झोपतो ना? मग जागा लहान असली तर काय बिघडलं?

डुलकी उभ्याने घेतो, कारण त्याच्या पायांचे सांधे अडकवून ठेवण्याची सोय शरीरातच आहे. गाढ, स्वप्नांची झोप मात्र आडवं झाल्याशिवाय लागत नाही. दिवसाला साधारण अर्धा तास ती लागते. कोरडी जागा, अंग टाकण्याएवढी रुंदी आणि राखण करणारा सोबती नसेल तर घोडा आडवा होत नाही. मग काही दिवसांनी उभ्या उभ्या गुडघ्यात दुमडून कोसळतो. पुढच्या गुडघ्यांवर जुन्या जखमा दिसल्या तर हेही कारण असू शकतं.

१०. खायला काय द्यावं? चणे दिले की ताकद येते ना?

आधी चारा. वजनाच्या दीड ते दोन टक्के सुका चारा रोज, म्हणजे ३५० किलोच्या घोड्याला पाच ते सात किलो. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाल्लं तरी आणि न खाल्लं तरी. चार-पाच तासांपेक्षा जास्त रिकामं राहिलं की अल्सरची वाट मोकळी होते. सकाळी एक घमेलं, संध्याकाळी एक घमेलं हा हिशोब गाईला कसाबसा चालेल, घोड्याला नाही.

भिजवलेले चणे, कोंडा, जई हा वरचा खुराक. काम असेल तेवढाच आणि थोडा थोडा वाटून द्यायचा. एकदम जास्त गेला तर पिष्टमय भाग मोठ्या आतड्यात आंबतो, पोटशूळ उठतो, खुरांच्या आतल्या भागाला सूज येऊन घोडा कायमचा जायबंदी होऊ शकतो. पाणी थंडीत २५ लिटर, उन्हाळ्यात दुप्पट किंवा जास्त, आणि मिठाचा दगड कायम समोर.

११. वाटेतल्या घोड्याला पाव, बिस्किटं, सोसायटीत कापलेलं गवत दिलं तर चालेल का?

नको. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं बाहेर यायला वरून वाट नाही. मऊ पाव गिळताना घशात गोळा होऊन अडकतो. मशीनने कापलेलं ढिगाचं गवत काही तासांत आंबतं. त्यात पिशवीचे तुकडे असले तर आणखी वाईट. द्यायचंच असेल तर मालकाला विचारून गाजर लांब चिरून द्या, गोल चकत्या नकोत.

१२. आपल्याकडच्या उकाड्यात आणि पावसात काय काळजी घ्यायची?

घोडा अंग थंड ठेवतो तो मुख्यतः घामाने. आपल्या खाडीकाठच्या हवेत घाम वाळतच नाही, म्हणून ३३ अंशही त्याला जड जातात. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये काम पहाटे उरका. घोड्याचा घाम आपल्याहून खारट असतो, त्यामुळे कामानंतर नुसतं पाणी पुरत नाही. क्षारांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतलं की स्नायू आखडतात, हा समज अजून घट्ट आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या तयारीत यावर बराच अभ्यास झाला आणि तो खोटा ठरला. अंगभर भरपूर गार पाणी ओतत राहा, सावलीत, वारा लागेल असं. तापमान ४० अंशांवर गेलं तर डॉक्टर येईपर्यंत ओतणं थांबवायचं नाही. काही घोड्यांना दमट हवेत घाम येणंच बंद होतं. अंग कोरडं आणि धाप लागलेली, असं दिसलं तर काम ताबडतोब बंद.

पावसाळ्यात खुराच्या तळाचा मऊ भाग काळा पडून कुजका वास येतो. रोज खूर कोरून साफ करणं आणि उभं राहायला थोडी तरी कोरडी जागा, एवढ्यावर बहुतेक काम भागतं. गोमाशांमुळे सर्रा नावाचा रक्तातला आजार पसरतो. ताप येऊन-जाऊन, पाय-पोटाखाली सूज, घोडा खंगत चाललेला असं असेल तर रक्त तपासा. धनुर्वाताची लस बाराही महिने वेळेवर.

१३. मुलांना रायडिंग शिकवायचं आहे. क्लब चांगला आहे हे कसं ओळखायचं?

फी विचारायच्या आधी तबेल्यात जा, तेही दुपारी, धडे नसताना. समोर चारा आहे का? लीद साचली आहे का? माणूस जवळ आला की घोडे कान पुढे करून येतात की कोपऱ्यात सरकतात? खोगीर काढल्यावर पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर तिथे पूर्वी जखमा झाल्या होत्या असं समजा. ओठांचे कोपरे पाहा. नाकपट्टी आणि नाकाच्या हाडामध्ये दोन बोटं गेली पाहिजेत. एक घोडा दिवसात किती धडे करतो आणि आठवड्यात सुट्टी कधी, हे सरळ विचारा. चांगल्या ठिकाणी उत्तर लगेच मिळतं.

पहिल्या दिवशी मुलाला थेट पाठीवर बसवणाऱ्या क्लबपेक्षा खरारा करायला, खूर साफ करायला लावणारा क्लब बरा. शिक्षक ‘मार त्याला, दाखव कोण मालक आहे’ म्हणाले तर मुलाला उतरवा आणि घरी या. मोठं नाव असलं म्हणून तपासणी सोडू नका. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर ब्रिटनच्या घोडेस्वार शार्लट दुजार्डिन यांना घोड्याला फटके मारतानाच्या व्हिडिओमुळे माघार घ्यावी लागली आणि नंतर एक वर्षाची बंदी झाली.

१४. लग्नात नवरदेवाला घोडीवर बसवावं का? आजोबांचा हट्ट आहे.

आमचं मत: नको. वजनाचा हिशोबच बसत नाही. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत असावं. २००८ मध्ये अमेरिकेत वेगवेगळं वजन घालून घोडे चालवले, तेव्हा २५ आणि ३० टक्क्यांना ठोके आणि स्नायूंचं दुखणं वाढलेलं दिसलं. वरातीच्या घोड्या बहुधा ३०० ते ३५० किलोच्या, म्हणजे मर्यादा ६० ते ७० किलो. ऐंशी किलोचा नवरदेव, जरीची शेरवानी, सजवलेलं जड खोगीर आणि पुढ्यात बसवलेला भाचा, एवढं धरलं की आकडा शंभरापार जातो. तेही डांबरावर, तासन्‌तास, रात्री, आणि मुहूर्त असतील त्या दिवशी एकामागून एक.

आजोबांना समजावता आलं तर उत्तम. पायी वरात काढा, नवरदेवाला नाचायलाही मिळेल. अगदीच नाही जमलं तर निदान एवढं करा: कार्यालयाच्या फाटकापासून मंडपापर्यंतच बसा, लहान मूल बसवू नका, फटाके नाहीत, डीजेची गाडी घोडीच्या मागे लावायची नाही, मोतद्दार (घोडी सांभाळणारा माणूस) कायम तोंडाशी, पाण्याची बादली तयार. ठरवायला जाल तेव्हा घोडीचं तोंड उघडायला सांगून कडियाळं, म्हणजे लगामाचं तोंडातलं लोखंड, पाहा (प्रश्न १६). तंगाखाली (खोगीर आवळणाऱ्या पट्ट्याखाली), पोटाच्या बाजूला हात फिरवा. सोललेली कातडी तिथे सापडते, झुलीमुळे ती वरून दिसत नाही.

१५. पण ती घोडी तर डीजेसमोरही शांत उभी असते. सवय झालेली असणार ना?

शांत आणि सुन्न यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. सवय झालेला घोडा मान खाली सैल सोडतो, कान इकडे तिकडे हलवतो, एक मागचा पाय ढिला टाकतो, फुरफुरतो. सुन्न घोड्याची मान अडकल्यासारखी, डोळे उघडे पण कशावरच नसलेले, कान बाजूला पडलेले, हात लावला तरी प्रतिसाद नाही. पळून सुटका होत नाही हे वारंवार शिकल्यावर जनावर प्रयत्नच सोडतं. त्यालाच लोक गरीब घोडी म्हणतात. अशी घोडी एखाद्या दिवशी अचानक उधळते तेव्हा ‘काही कारण नसताना’ असं सांगितलं जातं. घोड्याला सुमारे ३३ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आपल्याला २०. स्पीकरच्या भिंतीपाशी त्याला काय होत असेल ते यावरून समजा.

आवाजाची खरी सवय लावता येते. फार दुरून, अगदी कमी आवाजापासून, घोडा चारा खात असताना. खाणं थांबलं की आवाज जास्त झाला, मागे या. याला आठवडे लागतात. सरळ गर्दीत नेऊन ‘होईल सवय’ म्हणणं ही शिकवण नव्हे.

१६. घोड्याच्या तोंडात काटेरी लोखंड दिसलं. हे चालतं का? तक्रार कुठे करायची?

चालत नाही. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांत काटे, गाठी, टोकं असलेलं कडियाळं, जू, काठी वापरायला मनाई आहे. त्याच नियमांत दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त, सलग पाच तासांपेक्षा जास्त, आणि ३७ अंशांच्या वर तापमान असेल तिथे दुपारी १२ ते ३ काम घेऊ नये असंही आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र अजून १० ते ५० रुपयेच आहे. हा आकडा वाचून संताप येतो, यावा. जनावर मारलं किंवा कायमचं निकामी केलं असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५ लागतं, त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

फोटो आणि व्हिडिओ तारीख-वेळेसह घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. तातडीला ११२. उपचारासाठी सरकारी पशुवैद्यकीय मदतीचा क्रमांक १९६२ आहे, आणि मोठ्या जनावरांसाठी परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना माहीत आहेच. मालकाशी मारामारीवर येऊ नका. पुष्कळदा तो स्वतः कर्जात असतो, आणि साधं कडियाळं हातात दिलं तर लावतोही.

१७. मुंबईतल्या व्हिक्टोरिया बंद झाल्या, मग ठाण्यातही घोडागाडी बेकायदा का?

मुंबई उच्च न्यायालयाचा जून २०१५ चा निकाल मुंबई शहरातल्या मौजेच्या घोडागाड्यांबद्दल होता, तो आपोआप ठाणे-नवी मुंबईला लागू झाला असं समजू नका. प्रश्न १६ मधले नियम मात्र सगळीकडे लागू आहेत. माथेरानला जाणाऱ्यांनीही तेच लक्षात ठेवावं: दस्तुरी नाक्यापासून मिनी ट्रेनची शटल आहे, पायवाट आहे. घोडा घ्यायचाच तर सत्तरच्या आत वजनाच्या माणसाने, लंगडणारा किंवा पाठ सोललेला घोडा नाकारून, आणि नाकारण्याचं कारण मोठ्याने सांगून.

१८. कडियाळं आणि नाल दोन्ही काढून टाकले की घोडा सुखी, असं वाचलं. बरोबर का?

सरसकट नाही. कडियाळं नसलेला लगामही नाकाच्या हाडावर जोरात दाबता येतो. हात कठोर असेल तर साधन बदलून फारसं काही होत नाही. तरी नवशिक्यांच्या हाती तोंडातलं लोखंड देऊ नये, असं आम्हाला ठामपणे वाटतं. नालाचं उत्तर जमीन आणि कामावर आहे. मातीवर हलकं काम करणारा घोडा नालाशिवाय छान राहतो, डांबरावर रोज चालणाऱ्याचा खूर झिजतो. दोन्ही बाबतींत सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद हवाच.

शिंगराच्या पाठीवर कधी बसायचं, हेही याच जोडीने विचारलं जातं. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते. तीन वर्षांच्या आत स्वार नको, आणि चौथ्या वर्षातही हलका, थोडाच वेळ.

१९. सगळं करून पाहिलं, तरी घोडा मागच्या पायांवर उभा राहतो. आता तरी मारावं का?

नाही, आणि आता पाठीवर बसूही नका. घोडा उभा राहतो तेव्हा बहुधा पुढे जायची वाट त्याला बंद दिसत असते. दात, पाठ, खोगिराचं माप, पोट आणि चारही पाय डॉक्टरांकडून तपासून घ्या. दुखणं निघालं तर उपचारानंतरही वागणं लगेच बदलणार नाही, कारण दुखण्याची आठवण मागे राहते. मग जमिनीवरून, प्रश्न २ मधल्या पद्धतीने, पुढे ये आणि थांब एवढ्या दोनच गोष्टी नव्याने शिकवायच्या. काही घोडे स्वारीला कधीच परत येत नाहीत. त्यांना तसंच राहू द्यावं.

२०. कत्तलीला किंवा रस्त्यावर सोडलेला म्हातारा घोडा वाचवून आणायचा आहे. कुठून सुरुवात करू?

आधी पैशाचा आणि जागेचा हिशोब. घोडा २५-३० वर्षं जगतो, आणि म्हाताऱ्याचा खर्च तरण्याहून जास्त येतो. सोसायटीच्या आवारात हे जमत नाही, शेताची जागा आणि राबता माणूस लागतो. आणल्याबरोबर बाकी जनावरांपासून वेगळा ठेवा आणि ग्लँडर्स व सर्रासाठी रक्त तपासा. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होतो आणि कायद्याने कळवावा लागतो. उपाशी घोड्याला एकदम खुराक घातला तर तो दगावू शकतो, म्हणून पहिले दिवस फक्त चारा, थोडा थोडा, डॉक्टरांच्या सांगण्याने. एकटा ठेवू नका. दुसरा घोडा शक्य नसेल तर गाढव किंवा शेळी एकटेपणापेक्षा बरी, पण घोड्याची जागा ती पूर्ण भरत नाही.

२१. जीवावर बेतलं तर जोर लावणं चूक का? रस्त्यावर उधळलेला घोडा दिसला तर काय करू?

मूल पायाखाली येत असेल तर ओढा, ढकला, ओरडा, जे लागेल ते करा. तो प्रसंग शिकवणीचा नाही, आणि नंतर हीच पद्धत रोजची करायची नाही एवढंच.

उधळलेल्या घोड्यामागे धावू नका, हॉर्न वाजवू नका. पाठलाग झाला की तो आणखी पळतो. गाड्या थांबवा, हायवेकडची बाजू माणसं उभी करून बंद करा, गल्ली किंवा मैदानाकडची मोकळी ठेवा. घोड्याला जवळपास सगळीकडचं दिसतं, फक्त कपाळासमोर अगदी जवळ आणि शेपटीच्या थेट मागे दिसत नाही. म्हणून खांद्याच्या बाजूने, थोडं तिरकं, हळू बोलत जवळ जा. तो थांबला की तुम्हीही थांबा, एक पाऊल मागे घ्या. बादलीत चारा किंवा दुसरा शांत घोडा आणता आला तर तो आपणहून येतो. दोर मानेत अडकवला तरी हाताला गुंडाळू नका. मालक येईपर्यंत सावलीत उभा करा, आणि पायांवर, छातीवर जखम आहे का ते पाहून १९६२ ला फोन करा.